रॅम्पच्या नावाखाली वृद्धाश्रमाचे २,९३,९०० रुपये गेले

रक्कम आधीच लिहिते: २,९३,९०० रुपये. पुण्याबाहेरच्या ज्या वृद्धाश्रमात माझे बाबा पक्षाघातानंतर राहतात, तिथल्या आजी-आजोबांच्या घरच्यांनी जमेल तसे काढलेले हे पैसे. कुणी पेन्शनमधून दिले, कुणी लेकीच्या पगारातून. ते गोळा करून ठेकेदाराच्या खात्यात भरले मी, म्हणून हे लिहायलाही मलाच हवं.

आश्रमाच्या दाराला चार पायऱ्या आहेत. बाबांना दवाखान्यात न्यायचं तर खुर्चीसकट चौघांनी उचलायचं. बाथरूमचं दार २४ इंची आणि खुर्ची २६ इंची. अंघोळीला नेताना रोज काय होत असेल ते ज्यांच्या घरी व्हीलचेअर आहे त्यांना सांगायला नको.

हा ठेकेदार कुणाच्या तरी ओळखीतून आला. रॅम्प, दोन दारं रुंद करणं, भिंतीला धरायच्या दांड्या, सगळं मिळून ३,८४,००० चं कोटेशन. साठ टक्के आगाऊ, म्हणजे २,३०,४००. मग केंद्र सरकारच्या 'सुगम्य भारत' अभियानातून पंचाहत्तर टक्के परत मिळवून देतो म्हणून फाइलचे १८,५००. मग स्टील महागलं म्हणून ४५,०००. 'सुगम्य भारत' अभियान २०१५ साली सरकारी इमारती, वाहतूक आणि संकेतस्थळांसाठी सुरू झालं. वृद्धाश्रमाचा खर्च ठेकेदाराच्या फाइलवर परत मिळेल असं सांगणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

पण मला जाळतो तो टेपचा प्रसंग. तो मापं घ्यायला आला, जोत्याची उंची मोजली, २७ इंच, कागदावर 'रॅम्प १२ फूट' लिहिलं आणि टेप गुंडाळला. बस. अंगण मोजलं नाही. बाबांची खुर्ची समोर होती, तिच्या रुंदीला टेप लावला नाही. रॅम्पचा उतार १:१२ हवा, एक इंच चढायला बारा इंच लांबी. २७ इंचांना २७ फूट लागतात. आमचं अंगण सोळा फुटांचं, म्हणजे रॅम्प वळवून घ्यायला हवा आणि वळणावर पाच फूट सपाट जागा सोडायला हवी. हे ज्याला ठाऊक नाही त्याने असलं काम आयुष्यात केलेलं नसतं. मी शाळेत शिकवते, मला हे कुठून कळणार? विश्वस्तांपैकी एक निवृत्त इंजिनिअर तिथेच उभे होते, तेही गप्प राहिले. करार होता, शिक्का होता, जीएसटी क्रमांक होता. तो क्रमांक कापडाच्या दुकानाचा निघाला. जीएसटीच्या पोर्टलवर फुकट बघता येतो, पैसे देण्याआधी बघा.

त्याने केलं काय, तर १२ फुटांचा सिमेंटचा उतार ओतला, कठडा नाही. पहिल्यांदा खुर्ची चढवली तेव्हा ती मागे कलली. मावशींनी पाठीने अडवली म्हणून बाबा वाचले. दांड्या म्हणून टॉवेल अडकवायच्या नळ्या प्लास्टिकच्या गट्ट्यांत ठोकल्या होत्या. एका आजींच्या हातात ती अख्खी निघून आली. अशी दांडी आधी तुम्ही स्वतः अंगाचा भार टाकून ओढून बघा, मगच कुणाला धरू द्या. दारांना तर हातही लावला नाही. त्यानंतर फोन बंद.

पोलीस ठाण्यात सांगितलं, 'मॅडम, हा दिवाणी मामला आहे, कोर्टात जा.' खोटा जीएसटी क्रमांक आणि खोटं अनुदान दाखवून पैसे उकळणं दिवाणी कसं? भारतीय न्याय संहितेत ३१८ कलम फसवणुकीचंच आहे. हे मी म्हटलं तर साहेब बंदोबस्तात आहेत, उद्या या. उद्या गेलं की ज्यांनी अर्ज घेतला ते रजेवर. पोच मागितली तर 'ठेवलाय ना आम्ही' म्हणतात. एका सरकारी कार्यालयात सांगितलं, दिव्यांगांचा विषय आता वेगळ्या विभागाकडे गेला. तिथे सांगितलं, वृद्धाश्रम आमच्याकडे येत नाहीत. ऐंशी वर्षांचा माणूस खुर्चीत बसला की तो वृद्ध की दिव्यांग, एवढं ठरवायला यांना महिने लागतात! २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा यांच्याच कपाटात आहे. अर्जाची पोच घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका, आणि ठाण्यात दाद लागली नाही तर तोच अर्ज पोलीस अधीक्षकांना किंवा आयुक्तांना रजिस्टर पोस्टाने पाठवा.

आगाऊ रक्कम कधीही साठ टक्के देऊ नका. कामाच्या टप्प्याप्रमाणे द्या, आणि रॅम्पची लांबी, उतार, कठड्याची उंची करारात आकड्यांत लिहून घ्या. आधी केलेलं काम फोटोत नाही, जागेवर जाऊन, खुर्ची चालवून बघा.

आता जिल्हा ग्राहक आयोगात जातो आहोत. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, मुदत दोन वर्षांची आहे. आयोगाच्या परवानगीने अनेकांची मिळून एकच तक्रारही करता येते. रॅम्पच्या नावाखाली तुमच्या वृद्धाश्रमातूनही कुणी असेच पैसे नेले असतील, तर बँकेचा उतारा, कोटेशन आणि व्हॉट्सॲपवरचं बोलणं आजच जपून ठेवा. आमच्याकडचे बरेच मेसेज त्याने नंतर सगळ्यांसाठी डिलीट केले.