घड्याळ लागलं नाही, ११,८४८ रुपयांची वाट मात्र लागली

सांगायला लाज वाटते पण सांगतोच, कारण आमच्याच तालुक्यातले अजून दोघं मला टेलिग्रामवर फसवणाऱ्याच्या त्याच नंबरच्या नादी लागलेत असं कळलं. गावात माझं झेरॉक्स अन् ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. दुकानाच्या भिंतीवर मीच प्रिंट काढून चिकटवलंय, "पैसे घ्यायला पिन लागत नाही". त्याच भिंतीला टेकून मी पिन टाकला. ते पुढे येतेच.

सामुदायिक प्रार्थनेच्या जागी मोठं एलईडी घड्याळ लावायचं ठरलं, वर वेळ अन् खाली सरकत्या अक्षरात गावच्या सूचना. मीच तोंड वर करून म्हटलं विकतचं कशाला, रास्पबेरी पाय ४ वर, म्हणजे तळहाताएवढ्या बारक्या कॉम्प्युटर बोर्डावर, मी बनवतो. ४ जीबीचा बोर्ड, ६४ बाय ३२ ठिपक्यांची दोन पॅनलं, ५ व्होल्टचा सप्लाय, मेमरी कार्ड, अन् सेलवर वेळ धरून ठेवणारं डीएस३२३१ मॉड्यूल, कारण पाय ४ ला सेलवर चालणारं स्वतःचं घड्याळ नसते, तो वेळ नेटवरून घेतो, अन् आमच्याकडे लाइन गेली की टॉवरही जातो. वर्गणी जमली ६,०००.

टेलिग्रामवर एकानं पूर्ण किट ५,८५० ला टाकली होती. नुसता बोर्डच तेव्हा पाच हजाराच्या आसपास पडत होता हे मला माहीत होतं, पण वर्गणीत बसत होतं ना सगळं! शिवाय तो बोलायचा लय गोड, पॅनलची केबल कुठं लावायची हेसुद्धा बरोबर सांगितलं, मग कोणालाही खरंच वाटणार.

बोर्डाचा फोटो मागितला, त्यानं पाठवला. अन् इथंच माझे डोळे फुटले होते. पाय ४ ला स्क्रीन जोडायचे दोन बारके एचडीएमआय पोर्ट असतात, पॉवरला टाइप सी, अन् चारातले दोन यूएसबी निळे. फोटोत एकच मोठा एचडीएमआय अन् चारही यूएसबी काळे. म्हणजे जुना पाय ३! सहा महिने रात्री जागून हेच तर वाचलं होतं मी. बोटानं झूम करून करून पाहिलं. बायको बाजूला तुरीच्या शेंगा सोलत होती, म्हणे काय पाह्यता एवढं निरखून, म्हटलं काही नाही. मनाला समजावलं की चुकून दुसरा फोटो आला असेल. विचारलं असतं तर तिथंच संपलं असतं, पण माल हातचा जाईल ही भीती.

१,५०० ॲडव्हान्स दिले, मग ४,३५० "डिस्पॅचच्या आधी", मग ९९९ इन्शुरन्स, परत मिळणारे म्हणे. पार्सल आलं चांगलं जड. उघडलं तर सेट टॉप बॉक्समधला जुना बोर्ड अन् वजनाला फरशीचा तुकडा. (पार्सल फोडताना व्हिडिओ काढत जा रे बाबांनो, मी नाही काढला.) फोन केला तर "सॉरी भैया, पार्सल बदल गया, रिफंड भेजता हूं", अन् क्यूआर पाठवला. डोकं इतकं तापलं होतं की स्कॅन केलं, पिन टाकला, ४,९९९ गेले. हे माझे स्वतःचे, सोयाबीनचे.

लाजेनं दोन दिवस गप्प बसलो, तीच दुसरी घोडचूक. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन केला तर पैसे पुढच्या खात्यात अडवता येतात, मी लावला तिसऱ्या दिवशी, तोही अर्धा तास बिझी. बँकेत गेलो तर साहेब म्हणे पिन तुम्हीच टाकला ना, मग आम्ही काय करू. ठाण्यात गेलो तर म्हणे सायबरचं काम जिल्ह्याला. एसटीनं जिल्ह्याला गेलो तर म्हणे आधी तुमच्या ठाण्यातून लिहून आणा. परत आलो तर ठाण्यातले साहेब बंदोबस्तात, दुसरा म्हणे, "एवढ्याशा पैशापायी काहून जीव काढतं भाऊ, लोकायचे लाखानं जाऊन राह्यले." अरे माझी इज्जत गेली ना गावात! कोणाला नंबर लिहून घ्यावासा वाटत नाही, बँक खात्याचं नाव पाहावंसं वाटत नाही, अन् वरून मलाच हसतात की शिकलेला माणूस असून! सरकारी सायबर पोर्टलवर तक्रार मीच टाकली, दीड महिन्यापासून तिथंच आहे.

स्क्रीनशॉट काही डिलीट करू नका, यूटीआर नंबर, म्हणजे प्रत्येक व्यवहाराचा बँकेचा नंबर, लिहून ठेवा. बोर्ड घ्यायचा तर हातात घेऊन, पोर्ट मोजून घ्या. अन् फोटोत खटकलं की विचारा, माल गेला तर जाऊ द्या.

वर्गणीचे ६,००० मी घरून भरले. भिंतीत ड्रिल करून पाडलेली चार भोकं तशीच आहेत, प्रार्थना सुटली की एक आजोबा रोज त्या भोकांकडे पाहून मला विचारतात, "किती वाजले रे बावा?"

सोमवारी परत ठाण्यात बोलावलंय, सगळ्या कागदाच्या तीन तीन झेरॉक्स आणा म्हणे. झेरॉक्सचे पैसे तेवढे वाचतील.