सनस्क्रीन चांगलं, पंप भिकार: सात महिन्यांचा हिशेब

दुसऱ्या बाटलीच्या एकतिसाव्या दिवशी सकाळी पावणेनऊला पंपानं मान टाकली. दाबला की फुस्स, परत दाबला की परत फुस्स. बाटली हातात जड लागत होती, पण तोंडातून क्रीमचा थेंब येईना. उशीर होत होता म्हणून जे निघालं ते कपाळाला फासून गाडी काढली. संध्याकाळी घरी आल्यावर पर्स खाली ठेवायच्या आधी बाटली स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली. ३८ ग्रॅम.

मी अकाउंट्समध्ये नोकरी करते. पुढचं सगळं असंच आकड्यांत येणार आहे, आधीच सांगून ठेवते.

ब्रँडचं नाव लिहीत नाही. झिंक ऑक्साइडवालं, टिंटेड म्हणजे रंग मिसळलेलं, एसपीएफ (उन्हापासून संरक्षणाचा आकडा) ५०, पीए चार प्लस, ५० ग्रॅमला ५४९ रुपये, खोक्यावर हिरवं पान आणि ‘केमिकल-फ्री’ असा शिक्का. झिंक ऑक्साइड हे स्वतःच केमिकल आहे, जस्ताची वाफ करून ती हवेत जाळली की मिळणारं, कारखान्यातलं. ते झाडाला लागत नाही. पण या शिक्क्याचा राग मी गिळला, कारण आतला माल मला डॉक्टरांनी सांगितलेलाच होता.

दोन्ही गालांवर वांग आहे. धायरीहून डेक्कन, ॲक्टिव्हावर, अठरा वर्षं. राजाराम पुलाच्या सिग्नलला जेवढं ऊन खाल्लं तेवढं आमच्या गच्चीतल्या पापडांनीही खाल्लं नसेल. फेब्रुवारीत डॉक्टर म्हणाल्या, वांगासाठी साधं सनस्क्रीन पुरत नाही, टिंटेडच घ्या. त्यातला रंग हा लोहाच्या ऑक्साइडचा असतो आणि तो डोळ्यांना दिसणारा उजेडही अडवतो. वांग त्या उजेडानंही गडद होतं, हे मला नवीन होतं. (कॅलामाइन गुलाबी दिसतं तेही याच लोहामुळे, हे त्याच दिवशी कळलं.) दुसरा फायदा असा की चेहरा गिरणीतून पीठ दळून आणल्यासारखा दिसत नाही. आधी एकदा बिनटिंटचं झिंकवालं लावून ऑफिसला गेले होते, तेव्हा शिपाईकाकांनी ‘ताई, बरं नाही का?’ म्हणून चहा आणून दिला होता.

तर १० फेब्रुवारीला पहिली बाटली उघडली. ती ८ जूनपर्यंत पुरली. ११८ दिवस! मला कोण अभिमान. त्या काळात हा अभिप्राय लिहिला असता तर मथळा ‘महाग वाटलं तरी पुरवठ्याला येतं’ असा दिला असता आणि चार तारे दिले असते. पाचवा कापला असता, कारण वांग तसूभरही हललं नव्हतं. उलट मे महिन्यात गडद झालं.

ते का झालं, याचा अर्धा दोष माझाच. एप्रिलमध्ये सासूबाई म्हणाल्या, ‘अगं, सरबताचं लिंबू पिळलंस की साल टाकू नकोस, गालावर चोळ, डाग जातात.’ माझ्यातल्या काटकसरीला फुकटची साल म्हणजे पर्वणीच. चार दिवस सकाळी चोळली, तोंड धुतलं आणि निघाले. पाचव्या दिवशी उजव्या गालावर भाजल्यासारखा लाल पट्टा, मग फोड, मग तपकिरी डाग. लिंबाच्या सालीत फ्युरोकौमरिन नावाची द्रव्यं असतात, ती कातडीवर राहिली आणि वर ऊन पडलं की कातडी चक्क भाजते. धुतलं तरी सगळी जात नाहीत. सासूबाईंना हे सांगितल्यावर त्या म्हणाल्या, ‘आमच्या वेळी उन्हात गाड्यांवर हिंडत नव्हतो.’ यावर माझ्याकडे उत्तर नाही.

जूनमध्ये डॉक्टरांकडे गेले. त्यांनी विचारलं, ‘कितवी बाटली?’ मी ऐटीत म्हटलं, ‘काल पहिली संपली.’ त्या हसल्याच. म्हणाल्या, ‘मॅडम, मग तुम्ही लावतच नव्हता.’

हा या सगळ्या अनुभवातला सगळ्यात महाग धडा, म्हणून जरा सविस्तर. बाटलीवरचा एसपीएफ प्रयोगशाळेत मोजतात तो कातडीच्या दर चौरस सेंटीमीटरला २ मिलिग्रॅम क्रीम लावून. चेहरा आणि मान धरून ते रोजचं साधारण सव्वा ग्रॅम होतं. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर टोकापासून मुळापर्यंत एक-एक रेघ ओढायची, तेवढं. मी लावत होते वाटाण्याएवढं. ५० ग्रॅम भागिले ११८ दिवस, म्हणजे ०.४२ ग्रॅम. जेमतेम एक तृतीयांश. पैसे ५० च्या आकड्याचे दिले आणि चेहऱ्यावर त्याच्या जवळपासही काही नव्हतं. ‘पुरवठ्याला येतं’ हा गुण मी ज्याला समजत होते, तीच तर चूक होती. उटणं, साबण, तेल सगळं पुरवून वापरायची आपल्याला सवय, पण ही वस्तू पुरवली की वाया जाते.

आणि त्या मे महिन्यात पुण्यात काय ऊन असतं! मेच्या मध्याला आपल्याकडे शून्य सावलीचा दिवस येतो, सूर्य बरोबर डोक्यावर. मुलगी शाळेत असताना त्या दिवशी मैदानात बाटली उभी करून सावली गायब झालेली बघायची. तेव्हापासून मला सावलीचा नियम पाठ आहे: आपली सावली आपल्यापेक्षा आखूड असेल तर ऊन कडक आहे, मग हवेत गारवा असो की नसो. नियम पाठ होता, क्रीम मात्र वाटाण्याएवढं.

दुसरी बाटली जूनच्या मध्यात उघडली. आता पावसाळ्यात कशाला, असं माझं म्हणणं होतं. डॉक्टरांनी ऐकून घेतलं नाही. ढगांमधून अतिनील किरण बऱ्यापैकी खाली येतात, आणि ऑफिसात मी बसते ती खिडकी काचेची. काच त्यातले यूव्हीबी प्रकारचे किरण अडवते, यूव्हीए प्रकारचे जाऊ देते, आणि पीएचे चार प्लस असतात ते या यूव्हीएसाठी. मग रोज दोन बोटं लावायला लागले. महिन्याभरात नाकाच्या बाजूची कड फिकी पडू लागली. रात्री डॉक्टरांनी दिलेलं अझेलाइक ॲसिडचं मलम चालू आहे, त्यामुळे श्रेय एकट्या सनस्क्रीनला देत नाही. (ऑफिसातल्या एकीनं मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय ‘गोरं करणारं’ मलम आणून लावलं होतं. त्यात स्टेरॉइड निघालं. तिचा चेहरा आता ऊन लागलं तरी लाल, रडली तरी लाल. त्या वाटेला जाऊ नका.)

म्हणजे क्रीम उत्तम. आणि नेमकं तेव्हाच पंप गेला.

३८ ग्रॅमचा अर्थ मला तेव्हा लागत नव्हता, कारण रिकामी बाटली वजनाला किती भरते ते माहीत नव्हतं. मुलगी इंजिनीअरिंगला आहे, तिनं बाटली उलटी करून तळ दाखवला. या ‘एअरलेस’ बाटल्यांत आत नळी नसते. तळाशी एक चकती असते. पंप वरून क्रीम ओढतो तशी आत पोकळी होते आणि चकती वर सरकते. कुठूनतरी हवा शिरली की चकती अडकते, आणि वरून कितीही दाबा, क्रीम येत नाही. तळाला बारीक भोक असतं. तिनं माझी हेअरपिन सरळ करून त्यात घातली आणि चकती वर ढकलली. पंपातून एकदम भसकन क्रीम आलं, तिच्या कुर्त्यावर. कुर्त्याचा डाग अजून आहे, लोह असतं ना.

पुढचे नऊ दिवस हेअरपिननं ढकलत बाटली खरोखर रिकामी केली आणि परत काट्यावर ठेवली. २७ ग्रॅम. म्हणजे पंप मेला तेव्हा आत ११ ग्रॅम माल होता. पन्नासातले अकरा, २२ टक्के, ५४९ च्या हिशेबानं १२० रुपये ७८ पैसे.

मग डोक्यात प्रकाश पडला. जूनमध्ये पहिली बाटली ‘संपली’ म्हणून मी ती सुक्या कचऱ्यात दिली होती. तीसुद्धा अशीच फुस्स झाली होती! तीही अशीच अडकली असेल, तर मी ०.४२ नाही, ०.३३ ग्रॅम लावत होते, आणि कचरा न्यायला येणाऱ्या ‘स्वच्छ’ संस्थेच्या ताईंना मी १२० रुपयांचं सनस्क्रीन भेट दिलं होतं. त्या रात्री झोप लागली नाही म्हटलं तर नवरा हसतो, पण नाहीच लागली.

कंपनीला लिहिलं. उत्तर आलं, ‘कृपया पंप ३ ते ४ वेळा दाबावा.’ मी लिहिलं, ४० वेळा दाबला. ‘कृपया अनबॉक्सिंगचा व्हिडिओ पाठवावा.’ क्रीमचं खोकं उघडताना व्हिडिओ कोण काढतं? ‘रिटर्नची मुदत ७ दिवसांची आहे.’ आता मला सांगा, क्रीम संपत आल्यावर पंप बिघडतो हे सातव्या दिवशी कुणाला कळणार? शेवटी ‘तुमच्या पुढील ९९९ रुपयांच्या खरेदीवर १० टक्के सूट.’ म्हणजे १२० च्या बदल्यात शंभर वाचवायला मी आणखी नऊशे घालवायचे. मी १९१५ ला फोन लावला, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला. तक्रार नोंदवली, तीन फोटो जोडले: ३८ ग्रॅम, २७ ग्रॅम आणि बाटलीवरचं ‘निव्वळ वजन ५० ग्रॅम’. चौथ्या दिवशी कंपनीतून फोन. अतिशय गोड मुलगी. ‘मॅम, नवीन बाटली पाठवते.’ मी म्हटलं, नवीन नको, माझे १२० रुपये ७८ पैसे द्या. ती गप्प. पलीकडे कुणाशीतरी बोलली. म्हणाली, ‘मॅम, पैशांत द्यायला सिस्टिममध्ये सोय नाही.’ बाटली आली. सोबत शिकेकाई शाम्पूची पुडी फुकट.

त्या पुडीबद्दल एकच. घटकांची यादी वाचा. ज्याचं प्रमाण जास्त ते आधी लिहितात. शिकेकाई सुगंधाच्याही नंतर होती. शिकेकाईच हवी असेल तर रविवार पेठेत काष्ठौषधीच्या दुकानात जा, शिकेकाई, रिठा, आवळकाठी, नागरमोथा सुटं मिळतं, घरी कुटा. रिठा जपून, डोळ्यात गेला तर अर्धा तास रडाल. सासूबाई आणि मी या एका बाबतीत एकमतानं आहोत.

खोबरेलाबद्दलही माझं मत बदललं. खोबरेल लावून उन्हात जावं, त्यात म्हणे एसपीएफ असतो, असं अधूनमधून कुणीतरी पाठवतं. प्रयोगशाळेत मोजलेला तो आकडा दहाच्याही आत आहे, त्यावर राजाराम पूल ओलांडू नये. पण हेच खोबरेल संध्याकाळी झिंक उतरवायला फार छान. नुसत्या फेसवॉशनं हे सनस्क्रीन निघत नाही, केसांच्या कडेला चिकटून राहतं. अर्धा चमचा तेल चोळायचं, ओल्या कापडानं पुसायचं, मग तोंड धुवायचं. सोबतचं १८० रुपयांचं ‘क्लिन्झिंग ऑइल’ घेऊ नका. ज्यांना मुरुमं येतात त्यांना मात्र खोबरेल सोसत नाही, मुलीला नाही सोसलं.

खर्चाचं म्हणाल तर दिवसाला पावणेचौदा रुपये पडतात, नीट लावलं तर. मला हे परवडतं असं मी म्हणणार नाही. म्हणून हे फक्त चेहऱ्यावर आणि मानेवर. हातांना मेडिकलमधलं साधं जेल, त्यात झिंक नाही, हिरवं पान नाही, आणि हातांना काही तक्रार नाही. गाडीवर सनकोट आणि तुळशीबागेतला स्कार्फ. पुण्यातल्या मुलींच्या स्कार्फवर सगळे विनोद करतात, पण पैशाच्या मानानं यासारखं सनस्क्रीन नाही. एवढंच की पातळ पांढरं सुती घेऊ नका. तसल्या कापडाचं संरक्षण ५ ते ७ च्या घरात, ओलं झालं की आणखी कमी. स्कार्फ उजेडाकडे धरून बघा, पलीकडचं दिसलं तर परत ठेवा. माझा गडद निळा, घट्ट विणीचा, दीडशेचा, घासाघीस करून एकशेवीस. हो, एकशेवीसच. योगायोग आहे.

क्रीमला साडेचार तारे, पंपाला शून्य, ग्राहक सेवेला एक, तोही त्या गोड मुलीसाठी. पंपातलं क्रीम दुसऱ्या डबीत काढून ठेवायचा विचार मीही केला होता, पण रोज बोटं घालून ते खराब होतं, शिवाय झिंक खाली बसलं की रोज सारखं लागणार नाही. तेव्हा पंपाशीच जमवून घ्यायचं.

फुकट आलेल्या बाटलीचा आज २९ वा दिवस. सकाळी काट्यावर ४१ ग्रॅम भरली, म्हणजे आत १४ उरले. मागची ११ वर अडकली होती. हेअरपिन सरळ करून आरशापाशी ठेवली आहे. परवा-तेरवा कळेल.