कोरीवकामाचा क्लास लावताय? खिशात चुंबक घेऊन जा

पोलादावर हाताने नक्षी कोरायला शिकवतो म्हणत गावोगाव फिरणारी एक जोडगोळी गेल्या पावसाळ्यात कोल्हापुरात येऊन गेली. राजारामपुरीत हॉल, दोन दिवसांचा वर्ग आणि सोबत ‘इंपोर्टेड कार्बाइड’ (पोलादाहूनही कडक मिश्रण) कोरण्यांचा संच, सगळे मिळून साडेअठरा हजार रुपये. तक्रार चालू आहे म्हणून नाव लिहीत नाही. पद्धत मात्र सविस्तर लिहितो, कारण नाव बदलून हीच मंडळी उद्या सांगलीत नाहीतर बेळगावात हॉल घेतील.

यांचं गिऱ्हाईक ठरलेलं आहे. गुजरीत सोन्यावर कोरणारे हात आहेत, हुपरीत चांदीचं काम घरोघरी चालतं. पण सुरीच्या पात्यावर किंवा पोलादी अडकित्त्यावर वेल काढायची म्हटली तर विचारणार कुणाला? गुजरीतला कारागीर सरळ सांगतो, “आमची हत्यारं मऊ धातूची, तुमचं ते लोखंड आमच्याकडं नको.” मग आमच्यासारखे हौशी लोक व्हिडिओ बघून तांब्यावर, पितळेवर रेघा मारत बसतात. तिथं हात बरा बसतो. पाणी दिलेल्या, म्हणजे तापवून बुडवून कडक केलेल्या पोलादावर गेलं की कोरणी घसरते, नाहीतर टोक मोडतं. ही अडचण या दोघांना पक्की ठाऊक होती.

वर्गात प्रत्येकाला एक पांढरी चकचकीत पट्टी दिली. “हे सुरीचं स्टेनलेस, हार्ड केलेलं, ५८ एचआरसी.” एचआरसी म्हणजे रॉकवेल कडकपणा, आणि ५८ हा चांगल्या सुरीचा आकडा आहे. त्या पट्टीवर त्यांच्या सोनेरी कोरणीने पहिल्याच झटक्यात सुरेख रेघ उमटली. सगळा हॉल खूश. एकाने चुंबक लावून बघितलं, चिकटलं नाही. त्यावर उत्तर आलं, “स्टेनलेसला चुंबक लागतच नाही.”

हे अर्धसत्य नीट समजून घ्या. डब्या-पातेल्यांच्या ३०४ जातीच्या स्टेनलेसला चुंबक लागत नाही म्हटलं तरी चालेल. पण ते स्टील पाणी देऊन कडक होतच नाही. सुरीचं जे स्टेनलेस पाणी देऊन कडक करतात, त्याला चुंबक लागतं. म्हणजे पट्टी ५८ एचआरसीची असेल तर चुंबक चिकटलंच पाहिजे. आमच्या हातातली पट्टी होती जर्मन सिल्वरची. तांबं, जस्त आणि निकेल, नावात असूनही चांदीचा कणही नाही. दिसायला स्टेनलेस, कोरायला जवळजवळ पितळ.

घरी येऊन खऱ्या पात्यावर कोरणी टेकवली की टोक गेलं. पुन्हा धार लावा, पुन्हा गेलं. फोन केला तर माणूस अतिशय गोड बोलायचा. “सर, कोन चुकतोय. तोंडाचा कोन ४५ ऐवजी ५० करा, टाच १५ अंशांवर ठेवा, हात अजून तयार नाही तुमचा.” तोंड म्हणजे कोरणीच्या टोकाची पुढची घासलेली बाजू, टाच म्हणजे खालची. यातला सल्ला चुकीचा नव्हताच. कडक धातूसाठी तोंड जरा उभंच घासतात, म्हणजे टोकाला जोर राहतो. खऱ्या ज्ञानाच्या आड खोटा माल लपवायचा आणि शिकणाऱ्याला त्याच्याच हाताचा संशय घ्यायला लावायचा, ही या धंद्याची खरी कारागिरी. कोन धरायचं जिगही त्यांच्याकडेच मिळत होतं, ४,२०० रुपयांना. वर्गातल्या काही जणांनी तेही घेतलं.

उलगडा झाला उद्यमनगरात. ओळखीच्या एका मिस्त्रीमामांच्या वर्कशॉपवर कोरणी दाखवली. त्यांनी ती उलटीपालटी केली आणि ग्राइंडरच्या दगडाला टेकवली. पांढऱ्या ठिणग्या नुसत्या फुटत सुटल्या.

“ही कार्बाइड म्हणून दिलीया? कार्बाइडला असली फुलबाजी येत न्हाई ओ. साधं कार्बन स्टील हाय हे, वरनं मुलामा.”

ठिणगीची परीक्षा कुठल्याही वर्कशॉपवर होते, फक्त डोळ्यांना गॉगल लावा. साध्या कार्बन स्टीलच्या ठिणग्या पांढऱ्या आणि फाटे फुटणाऱ्या असतात. हाय स्पीड स्टीलच्या लालसर, मंद, फाटे कमी. कार्बाइडला साध्या दगडावर फार तर चार आखूड तांबूस ठिणग्या येतात आणि माल घासला जाता जात नाही. त्याला हिरवा दगड किंवा डायमंड व्हील लागतं. वर्गात हे दोघे त्यांची ‘कार्बाइड’ साध्या राखाडी दगडावर मिनिटभरात धारदार करून देत होते! जर्मन सिल्वरच्या पट्टीला तर मामांच्या ग्राइंडरवर एकही ठिणगी आली नाही.

ग्राइंडरला लावायचं नसेल तर वजन करा. कार्बाइड पोलादाच्या जवळपास दुप्पट जड असतं. ३ मिमी जाडीची, ६० मिमी लांबीची गोल कांडी पोलादाची असेल तर साधारण ३.३ ग्रॅम भरते, कार्बाइडची ६ ग्रॅमच्या वर. गुजरीत एका सोनाराच्या काट्यावर आमच्या कोरणीची तेवढीच कांडी ३.३ भरली. सोनेरी रंगावर तर मुळीच जाऊ नका. तो लेप चांगल्या हत्यारांवरही असतो, पण आत काय आहे ते रंग सांगत नाही.

पैसे परत मागितल्यावर मला एक क्यूआर कोड आला. “स्कॅन करा, पिन टाका, रिफंड जमा होईल.” पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही, पिन टाकला की पैसे आपल्याच खात्यातून जातात. असल्या प्रकारात पैसे गेलेच तर लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर फोन करा. जितका उशीर तितकी रक्कम पुढे सरकते. खोट्या मालाचं प्रकरण वेगळं, त्यासाठी ग्राहक हेल्पलाइन १९१५. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, आणि २०१९ च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, विकणारा कुठलाही असो. माझी कोल्हापुरातच दाखल आहे. पावती व्हॉट्सॲपवरची, जीएसटी नंबर नसलेली. पण त्यात ‘कार्बाइड’ हा शब्द लिहिलेला आहे, आणि तोच आता कामाला येतोय. तुम्हीही धातूचं नाव पावतीवर लिहून घ्या. तोंडी ‘इंपोर्टेड’ला काही किंमत नाही.

असा वर्ग तुमच्या गावात लागला तर घरची चुंबक लागणारी, पाणी दिलेली एक जुनी सुरी बरोबर न्या. पैसे भरायच्या आधी म्हणा, “त्या पट्टीवर नको, ह्या पात्यावर एक रेघ मारून दाखवा.”