एनर्जीप्लस आणि ओपनस्टुडिओ : नागपूरच्या एका अभ्यासिकेच्या निमित्ताने

आमच्याकडे एसी किती टनाचा घ्यायचा, हे अजूनही चौरस फुटांवरून ठरतं. भिंत कशाची, खिडकी कुठल्या बाजूला, डोक्यावरचा स्लॅब उघडा आहे का, हे कुणी विचारत नाही. मी नागपुरात आर्किटेक्ट म्हणून छोटी कामं करते. या प्रश्नांची उत्तरं देणारं सर्वांत भरवशाचं साधन आज फुकट मिळतं, ते म्हणजे एनर्जीप्लस : इमारतीत उष्णता किती येते आणि ती थंड ठेवायला किती ऊर्जा लागते, याचं गणित करणारा संगणक प्रोग्राम. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने डीओई-2 आणि ब्लास्ट या जुन्या प्रोग्रामांच्या जागी ते आणलं. पहिली आवृत्ती 2001 ची. त्यात ड्रॉइंग करायची सोय नाही, म्हणून इमारत ओपनस्टुडिओ या त्याच्या जोडीच्या सॉफ्टवेअरमध्ये उभी करायची आणि गणित एनर्जीप्लसकडून करून घ्यायचं.

मी ते वापरलं एका अभ्यासिकेसाठी. 60 खुर्च्यांचा हॉल, वर थेट गच्ची, पहाटेपासून रात्री उशिरापर्यंत स्पर्धा परीक्षेची मुलं. रस्ता पश्चिमेला, त्यामुळे क्लायंटला दर्शनी बाजू पूर्ण काचेची हवी होती. नकाशा कच्चा होता, तेव्हाच मॉडेल केलं.

नागपूरची वेदर फाइल, म्हणजे तासागणिक हवामानाची नोंद, तयार मिळते. ती जोडली की वर्षाच्या 8760 तासांचा हिशेब समोर येतो, आणि खरी मजा एकेक तास उघडून बघण्यात आहे. मे महिन्यातले दुपारचे साडेचार घ्या. सूर्य इतका खाली आलेला असतो की पश्चिमेच्या काचेवर दोन फुटी छज्जाचा जवळजवळ उपयोग होत नाही. छज्जा वाढवून पाहिला तरी काचेतून आत येणाऱ्या उष्णतेचा आकडा जेमतेम हलला. काचेबाहेर ऊन अडवणाऱ्या उभ्या पट्ट्या लावल्या आणि काच कमी केली, तेव्हा तो खाली आला. माणसांचाही वाटा असतो : बसून वाचणारा माणूस साधारण 100 वॉट उष्णता टाकतो, म्हणजे भरलेल्या हॉलमध्ये मुलांचीच 6 किलोवॉट, जवळपास पावणेदोन टन. ही काही डिझाइनने कमी होणारी नाही. म्हणूनच बाकीची कुठून येते, ते शोधायला हवं.

ती सगळ्यात जास्त येत होती छतातून. उघड्या 150 मिमी स्लॅबची यू-व्हॅल्यू (उष्णता किती सहज आरपार जाते त्याचं माप, कमी तितकं चांगलं) 3 च्या वर जाते. घरांसाठीच्या इको निवास संहितेत, म्हणजे ऊर्जा बचतीच्या नियमावलीत, छताला मर्यादा आहे 1.2 ची. वर 50 मिमी एक्सपीएस शीट (उष्णता अडवणारी फोमची शीट) टाकली की ती 0.6 च्या खाली येते. क्लायंटसमोर उघड्या आणि शीट टाकलेल्या छताचे दोन्ही आलेख शेजारी ठेवले. काचेचे पैसे शीटकडे आणि वरच्या पांढऱ्या चायना मोझॅककडे वळवायला त्यांनी लगेच होकार दिला. नुसतं तोंडी सांगून हे झालं नसतं.

कूलरबद्दल मुद्दाम लिहिते, कारण विदर्भात त्याशिवाय हिशेब पुरा होत नाही. एनर्जीप्लसमध्ये तो बसवता येतो. मे महिन्याच्या कोरड्या हवेत कूलर छान काम करतो, पाऊस सुरू झाला की नुसती ओल वाढवतो. हे इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. मॉडेलमध्ये तो बदल तासागणिक दिसतो, आणि एसी खरंच कुठल्या महिन्यांत लागेल ते ठरवता येतं.

त्रास आहेच. ओपनस्टुडिओतले तयार साचे अमेरिकी बांधकामाचे आहेत. आपली नऊ इंची वीटभिंत, प्लास्टर, ब्रिकबॅट कोबा (गच्चीवरचा विटांच्या तुकड्यांचा थर) हे सगळं स्वतः भरावं लागतं. मॅन्युअल अवाढव्य आणि इंग्रजीत. एरर फाइल वाचायची सवय लावावी लागते : वॉर्निंग चालून जाते, सिव्हिअर दिसली की थांबून बघायचं, फेटल आली की रन तिथेच संपतो. आणि निकालाच्या आकड्याला महावितरणचं बिल समजू नका. फटींतून किती हवा शिरते, दार किती वेळा उघडतं, हे सगळं आपणच गृहीत धरलेलं असतं. दोन पर्यायांची तुलना मात्र पक्की मिळते, आणि डिझाइन करताना मला तीच हवी असते.

मंजुरीचा नकाशा गेल्यावर हे करण्यात फारसा अर्थ नाही. तोवर दिशा, काच आणि स्लॅबची जाडी ठरून गेलेली असते. शिकायचं असेल तर एकच खोली घ्या, एक खिडकी द्या आणि ती चारही दिशांना फिरवून रन करा. मी ऑफिसात येणाऱ्या इंटर्नना पहिल्या आठवड्यात हेच करायला लावते.