इन्टू द डीप: पहिल्यांदाच उतरणाऱ्या टीमला झेपतो का हा गेम?

फर्स्ट टेक चॅलेंज या शाळकरी मुलांच्या रोबॉटिक्स स्पर्धेचा 2024-25 चा गेम, इन्टू द डीप. शाळेतल्या एकदम नवख्या पोरापोरींसोबत यावर काम केलंय, त्यामुळे रिव्ह्यू नव्या टीमच्या बाजूनेच लिहितेय. गेम झेपतो, आणि मस्त झेपतो. फक्त सुरुवातीला भारी टीम्सचे व्हिडिओ बघून जे करावंसं वाटतं ना, नेमकं ते करायचं नाही.

सगळ्यांना आधी दिसते ती हाय बास्केट, 43 इंच उंच, सॅम्पल, म्हणजे प्लास्टिकचा छोटा ठोकळा, टाकलं की 8 पॉइंट. रोबॉट सुरुवातीला 18 इंचांत बसायला हवा आणि मग तिथवर पोचायला हवा, म्हणजे तीन-चार टप्प्यांत लांब होणारी स्लाइड आली, तिची दोरी आली, ती दोरी पुलीवरून उतरणं आलं, आणि वर गेल्यावर अख्खा रोबॉट डुलतो ते वेगळंच. नव्या टीमचे दोन महिने यातच जातात. आता हाय चेंबर बघा. 26 इंचांवर एक आडवी दांडी, तिला स्पेसिमेन, म्हणजे क्लिप लावलेलं सॅम्पल, अडकवायचं, 10 पॉइंट! कमी उंची आणि जास्त पॉइंट. एक साधी स्लाइड, एका सर्व्होचा (छोट्या मोटरचा) क्लॉ म्हणजे पकडणारा पंजा, बास. मला या गेममध्ये सगळ्यात जास्त आवडलं ते हेच.

शिवाय सॅम्पलला क्लिप लावायचं काम रोबॉटचं नाहीच, ते ह्यूमन प्लेयर, म्हणजे मैदानाबाहेर उभा असलेला टीममधला एक जण, हाताने करतो. रोबॉटने आपल्या अलायन्सच्या (दोन टीम्सच्या जोडीच्या) रंगाचं सॅम्पल मैदानाच्या कोपऱ्यातल्या ऑब्झर्वेशन झोनमध्ये ढकलायचं, तिथून बाहेर पडायचं, मग प्लेयर क्लिप लावून ते भिंतीवर अडकवतो आणि रोबॉट परत येऊन उचलतो. रोबॉट झोनमध्ये असताना प्लेयरचा हात आत गेला की फाउल, म्हणून ड्रायव्हर आणि प्लेयरने एकमेकांना ओरडून सांगायची सवय लावाच. ‘बाहेर!’ म्हटल्याशिवाय हात आत नाही. ज्या मुलीला वायरिंग, कोडिंग कशातच रस नव्हता तिने हे काम इतकं मनापासून केलं की बघत राहावं.

ऑटोनॉमसच्या, म्हणजे सुरुवातीला रोबॉट ड्रायव्हरशिवाय कोडवरच चालतो त्या 30 सेकंदांतही नव्यांना चांगला चान्स आहे. स्पेसिमेन आधीच धरून ठेवायचं, एन्कोडरने (मोटरचे फेरे मोजणाऱ्या सेन्सरने) अंतर मोजत सरळ पुढे जायचं, हाय चेंबरला लावायचं, आणि ते मॅच संपेपर्यंत तिथे टिकलं तर पॉइंट दोनदा धरतात, म्हणजे एकाचेच 20. हे ब्लॉक्समध्ये, म्हणजे स्क्रीनवर ठोकळे जोडून केलेल्या कोडिंगमध्ये, आरामात होतं, जावा यायलाच पाहिजे असं काही नाही.

खरी अवघड जागा म्हणजे सबमर्सिबल, मैदानाच्या मधोमधचा सांगाडा. आत सॅम्पल्स कशीही आडवीतिडवी पडलेली, रोबॉटने वरून हात घालायचा, एका वेळी एकच घ्यायचं, समोरच्या अलायन्सचा रंग उचलला की फाउल, आणि रोबॉट 42 इंचांपेक्षा लांब पसरता कामा नये. यासाठी फिरणारं मनगट आणि सरावलेला ड्रायव्हर दोन्ही लागतात. पण बाहेर आपल्या रंगाची तीन सॅम्पल्स टेपवर नीट मांडलेली असतात, पहिल्या स्पर्धेपर्यंत तेवढी जरी सगळी हाय चेंबरला लागली तरी खूप झालं. तोवर सबमर्सिबलकडे बघूच नका.

माझ्याकडून नव्या टीमसाठी पाचपैकी चार. एक कापला तो शेवटच्या चढाईसाठी, मॅच संपताना रोबॉटने सबमर्सिबलच्या दांड्यांवर चढायचं असतं त्यासाठी. खालच्या दांडीला नुसता स्पर्श केला की 3, लटकलात की एकदम 15, आणि वरच्या दांडीवर गेलात तर 30. तीन आणि पंधराच्या मध्ये काहीच नाही हो! अख्ख्या रोबॉटचं वजन उचलणारी मोटर, हुक, गिअरबॉक्स हे सगळं बसवायला नव्या टीमकडे वेळ आणि पैसा दोन्ही कमी असतं, पार्ट बाहेरून मागवले तर कस्टम्समध्ये अडकतात ते वेगळंच. मध्ये 7-8 पॉइंटची एखादी पायरी ठेवायला हवी होती.