फेमाचा आयएस-१०० कोर्स: कारखान्यात सेफ्टी बघणाऱ्यांनी वाचावाच

मी रायगड जिल्ह्यातल्या एका रासायनिक कारखान्यात सेफ्टी बघते. आमच्या क्षेत्रात ऑन-साइट इमर्जन्सी प्लॅनची, म्हणजे कारखान्याच्या आवारात अपघात झाला तर काय करायचं त्याची, जाडजूड फाइल सगळ्यांकडे असते. साइट मेन कंट्रोलर (सगळ्या कारखान्याची सूत्रं सांभाळणारा) आणि इन्सिडेंट कंट्रोलर (घटनास्थळ सांभाळणारा) यांची नावं भिंतीवर लावलेली असतात, सायरनचे कोड पाठ असतात. तरी सायरन वाजल्यावर पहिल्या दहा मिनिटांत नेमकं कोणाचं ऐकायचं, हा घोळ मॉक ड्रिलमध्ये हमखास होतो. त्यावरचं सरळ उत्तर मला फेमा या अमेरिकेच्या सरकारी आपत्ती व्यवस्थापन संस्थेच्या ‘आयएस-१००.सी’ या मोफत ऑनलाइन कोर्समध्ये मिळालं. आपत्तीच्या वेळी सूत्रं कोणाकडे आणि कामं कशी वाटायची, याची ‘इन्सिडेंट कमांड सिस्टिम’ ही पद्धत त्यात शिकवतात.

कोर्स इंग्रजीत आहे. सांगतात दोन तासांचा, पण आपला प्लॅन शेजारी उघडून, ताडून बघत वाचायचा तर बराच जास्त वेळ धरा. परीक्षा आणि प्रमाणपत्रासाठी फेमाचा विद्यार्थी क्रमांक लागतो. नुसता मजकूर वाचायला लागत नाही, आणि खरी किंमत मजकुराचीच आहे.

ही पद्धत जन्मली वणव्यांतून. १९७० मध्ये दक्षिण कॅलिफोर्नियात १३ दिवस वणवे पेटत राहिले, १६ माणसं गेली. नंतर तपासलं तेव्हा दिसलं की बंब आणि माणसं होती, पण प्रत्येक दलाचा रेडिओ वेगळा, शब्द वेगळे, साहेब वेगळे. त्यातून ‘इन्सिडेंट कमांड सिस्टिम’ उभी राहिली.

कोर्समधला माझ्या मते सगळ्यात मोलाचा भाग आहे कमांड कोणाकडे आणि ती हातात कशी घ्यायची, हा. घटनास्थळी पहिला पोहोचलेला जबाबदार माणूस कमांडर. मोठ्या हुद्द्याचा किंवा जास्त अनुभवाचा माणूस आला म्हणून कमांड आपोआप त्याच्याकडे जात नाही. त्याला ती घ्यायची असेल तर शक्यतो समोरासमोर उभं राहून आधीच्या माणसाकडून माहिती घ्यायची: काय झालंय, कोण आत आहे, काय केलंय, काय बाकी आहे. मग अमुक वाजल्यापासून कमांड माझ्याकडे, हे सगळ्यांना कळवायचं.

हे का महत्त्वाचं, ते मी एका कारखान्यातल्या अमोनिया गळतीच्या ड्रिलमध्ये पाहिलं. शिफ्ट इनचार्जने वाऱ्याची दिशा दाखवणारा विंडसॉक बघून, वारा येतो त्या बाजूने टीम धाडली होती, पाण्याचा पडदा लावायला सांगितला होता. तेवढ्यात वरिष्ठ अधिकारी आले आणि वॉकीवर थेट टीमलाच दुसऱ्या बाजूने जायला सांगू लागले. बीए सेट (पाठीवर हवेचा सिलिंडर असलेलं श्वसनाचं साधन) घातलेले दोघं जागीच थबकले. सिलिंडरमधली हवा संपत होती आणि ते एकदा इनचार्जकडे, एकदा साहेबांकडे बघत होते. अधिकारी हुशार होते, हेतूही चांगला होता. पण एका माणसाला एकच वरिष्ठ, हा नियम तिथे मोडला. खऱ्या गळतीत अशा थांबण्याने जीव जातो.

दुसरी कामाची गोष्ट म्हणजे एका माणसाच्या हाताखाली साधारण पाचच जण. बाराजणांच्या शिफ्टला एकच माणूस ओरडून हुकूम देत असेल तर कुठल्या तरी दोघांचा पत्ता लागत नाही, आणि सगळ्यांनी जमायच्या असेंब्ली पॉइंटवरच्या हजेरीत ते उघड होतं. रचना गरजेपुरतीच वाढवायची, हेही पटतं. ड्रमच्या छोट्या गळतीला एक कमांडर सगळं सांभाळेल. पसारा वाढला की ऑपरेशन्स, प्लॅनिंग, लॉजिस्टिक्स, फायनान्स असे विभाग उघडायचे.

उणिवा आहेत. उदाहरणं सगळी अमेरिकेतली, तिथल्या काउंटी आणि शेरीफांची. प्रश्नांची उत्तरं टिचकी मारून द्यायची असल्यामुळे सराव होत नाही. टेबलाभोवती नकाशा मांडून तो आपला आपणच करावा लागतो. युनिफाइड कमांडवर, म्हणजे अनेक दलांनी मिळून कमांड सांभाळण्यावर, मला बरंच जास्त हवं होतं. आपल्याकडे मोठ्या घटनेत एमआयडीसीचं अग्निशमन दल, पोलीस, म्युच्युअल एडमधून (एकमेकांना मदतीच्या करारातून) आलेल्या शेजारच्या कारखान्यांच्या टीम असे सगळे गेटवर एकदम येतात. अशा वेळी प्रमुखांनी एकत्र बसून एकच योजना ठरवावी आणि ऑपरेशन्सचा प्रमुख एकच असावा, एवढं तत्त्व कोर्स देतो, पण बसवायचं कसं ते दाखवत नाही. स्टेजिंग एरियाचा धडा मात्र उचलून वापरण्यासारखा आहे: आलेले बंब मुख्य गेटवर कोंडू न देता ठरलेल्या जागी थांबवायचे, बोलावल्यावरच आत घ्यायचे.

भारतातल्या चौकटीसाठी एनडीएमएची (राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची) २०१० सालची ‘इन्सिडेंट रिस्पॉन्स सिस्टिम’ची मार्गदर्शक तत्त्वं सोबत ठेवा. त्यात जिल्ह्यात जबाबदार अधिकारी जिल्हाधिकारी असतात आणि फायनान्स ही लॉजिस्टिक्सखालची शाखा आहे. आपल्या प्लॅनमधला ऑफ-साइटचा, म्हणजे कारखान्याबाहेरचा, भाग त्याच्याशी जुळवून घेता येतो.

माझ्याकडून पाचपैकी चार. व्यवस्थापनाआधी हा कोर्स शिफ्ट इनचार्जना द्या, आणि शक्यतो मराठीत समजावून. रात्रपाळीत वरचं कुणी पोहोचेपर्यंत कमांड त्यांच्याकडेच असते.