कंपोस्टेबल कचरा पिशव्या : काही महिने वापरल्यानंतर

पिशवी मक्यापासून की बटाट्यापासून ते सगळं पाकिटावर आहेच, ते परत लिहीत नाही. मला बोलायचंय तारखेबद्दल. स्वस्त पडतो म्हणून मोठा पॅक घेतला, सुरुवातीचे रोल झकास, आणि शेवटचा रोल काढला तर पिशवी छिद्रांच्या रेघेवर सुटायच्या ऐवजी मधूनच टरकन फाटते, बोट लावलं तरी भोक. पाकीट उलटंपालटं करून बघितलं, मॅन्युफॅक्चरिंग डेट कुठेच नाही! स्टार्च आणि पीबीएटी (कुजू शकणारं एक प्लास्टिक) मिसळून केलेल्या अशा पिशव्या दमट हवेत नुसत्या पडून राहिल्या तरी कमजोर होतात, साधारण वर्षभरात संपवाव्या लागतात. मग तारीख छापायला काय जातं?? कस्टमर केअर म्हणे, "सर, बायोडिग्रेडेबल आहे, विघटन होणारच." अहो पण कपाटात?

बरं, ओल्या कचऱ्याला मात्र पिशवी खरंच चांगली. वाफ थोडी बाहेर जाते, साध्या प्लास्टिकसारखं आत पाणी सुटून चिकचिक होत नाही, वासही कमी. एवढ्यावर मी चार स्टार देणार होतो.

पण घरच्या खताच्या डब्यात काय झालं बघा. कचऱ्याचं मस्त काळं खत झालं आणि त्यात पिशवीच्या चिंध्या, वरची छपाई वाचता येईल अशा! पाकिटावर पुढे हिरवी पानं आणि ठळक 'कंपोस्टेबल', मागे मुंगीएवढ्या अक्षरात 'इंडस्ट्रियल'. म्हणजे ५८ अंशांच्या आसपास तापणारा कंपोस्ट प्लँट हवा, घरचा डबा कुठून तापणार तेवढा. घरासाठी 'ओके कंपोस्ट होम' असा वेगळा मार्क असतो. आणि नुसतं 'बायो-बेस्ड' लिहिलेलं असेल तर त्याचा कुजण्याशी संबंधच नाही, उसापासून केलेलं पॉलिथिन हे शेवटी पॉलिथिनच.

प्लिमथ विद्यापीठाने २०१९ मध्ये अशाच पिशव्यांवरचा अभ्यास छापला होता. मातीत पुरलेली कंपोस्टेबल पिशवी २७ महिन्यांनीही होती, फक्त वजन पेलत नव्हती. 'बायोडिग्रेडेबल' लिहिलेली पिशवी तर ३ वर्षांनी सामान भरून उचलता आली. आणि माझी कपाटात वर्षभरही टिकेना!

अडीच स्टार देता येत नाहीत म्हणून तीन. पुढच्या वेळी होम मार्कवाला छोटा रोल घेणार, पिशवीमागे जास्त पडले तरी चालेल, पण तारीख नसेल तर तोही नको. हा रोल काही टाकून देणार नाही, पैसे मोजलेत, दोन पिशव्या एकात एक घालून संपवतोय.